चक्कीच्या डोक्यावरचं गाणं

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

बाजरी दळायला गेले आणि डबा तिथेच विसरून आले! असं माझं कधी होत नाही.

चक्कीचा पट्टा तुटला होता. मालक नवा आणायला नगरात गेला होता. मी पायरीवर बसले. तेवढ्यात वरच्या माडीवरून गाणं आलं. आधी वाटलं रेडिओ. मग मध्येच आवाज अडला, कुणीतरी खाकरलं, "परत घ्या" म्हणालं, आणि तीच ओळ पुन्हा सुरू झाली. रेडिओ खाकरत नाही. माणूस होतं! बाईचा आवाज. वर चढताना थरथरणारा आणि वर पोचल्यावर एकदम स्थिर — भरला हंडा डोक्यावर घेऊन बाई जिना चढते आणि शेवटच्या पायरीवर नीट उभी राहते, तसा.

मी किती वेळ बसले कोण जाणे. उठले ती सरळ घरी.

मोनिका म्हणाली, "आई, डबा कुठंय?"

"गाण्यात राहिला."

सून माझ्याकडे बघतच राहिली. ह्यांना जाऊन कार्तिकात दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाणं हा शब्द माझ्या तोंडून तिने ऐकला नसेल.

१५ डिसेंबर, रविवार

चक्कीवाला म्हणतो, "मावशी, पीठ गुरुवारपासून तुमची वाट बघतंय." डबा घेतला. घराकडे वळायचं सोडून जिना चढले. का चढले, सांगता येत नाही.

वर लांबट खोली. सतरंजी, दोन काळे स्पीकर, एक माइक, भिंतीवर टीव्ही. आठ-दहा माणसं. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उठले, "या, पुढं सरका, जागा आहे." हे वैजनाथ सर. सर म्हणजे शिक्षक नव्हेत, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर माइक आणि स्पीकर घेतले, म्हणून सर.

इथे ट्रॅकवर गातात. म्हणजे गाण्यातली सगळी वाद्यं वाजतात, फक्त गाणाऱ्याची जागा मोकळी ठेवलेली असते. ती आपण भरायची. टीव्हीवर शब्द येतात आणि गाणं पुढे जाईल तशी अक्षरं पिवळी होत जातात. काय एकेक काढतात माणसं!

गुरुवारचा आवाज पंकजाचा. दवाखान्यात नर्स आहे. पस्तिशीची, किडकिडीत. एवढ्याशा छातीत तो आवाज मावतो कुठे?

सरांनी विचारलं, "नाव काय?"

"रतनबाई."

"गाता?"

"दळते."

सगळे हसले. मीही.

त्यांचा एक नियम आहे. नव्या माणसाने पहिले तीन रविवार नुसतं ऐकायचं. सर म्हणाले, "गळा घेऊन सगळेच येतात हो. कान कुणी आणत नाही." मी म्हटलं, मला चालेल. आयुष्यभर ऐकलं तर आणखी चालेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज छगनला ऐकलं. फरशी बसवायचं काम करतो. नखांत सिमेंट, पँटीवर पांढरे ठिपके, आणि गातो भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं लाजतो. तसं नाही. म्हणाला, "मावशी, मी गाणं रिकाम्या घरात शिकलो. फरशी बसायच्या आधी खोली गाते. एक सूर टाकला की चार देते. लोकांचं सामान आलं की मुकी होते." म्हणून तो भिंतीला गातो. भिंत काय परत देते ते ऐकतो.

घरी आल्यावर मोनिका मागच्या दारी गेलेली बघून न्हाणीघरात एक 'आ' काढून बघितला. निघाला तो खोकला.

२२ डिसेंबर, रविवार

ऐकलं. दोन तास. घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही, बोललं की सांडेल असं वाटत होतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

तिसगावहून, सासरच्या गावाहून फोन. शुभांगीचं ठरलं! मुलगा नेवाशाचा. सहा मार्चला हळद, सातला लग्न.

शुभांगी माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. दीर गेले तेव्हा दहा वर्षांची होती. तिची आई सुमनबाई दिवसभर रानात, म्हणून पोर माझ्याजवळ वाढली. माझ्या मांडीवर ओव्या ऐकत झोपायची. मधली एक गाळली तर डोळे न उघडता म्हणायची, "काकू, ती राहिली."

आमच्याकडे हळदीच्या आधी घाणा भरतात. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, पाच सुवासिनींनी हळकुंडं कांडायची आणि ओव्या म्हणायच्या. एक बाई पुढे म्हणते, बाकीच्या धरतात. पंचवीस-तीस वर्षं पुढे म्हणणारी मी. तिसगावात आणि आजूबाजूला लग्न निघालं की आधी मला निरोप.

दोन वर्षांत एकही निरोप नाही.

सुमनबाई फोनवर म्हणाल्या, "दोन दिस आधी ये. सैपाकाचं तूच बघ. आन हळदीला... तुला सांगायला नको."

"काय?"

"आगं, आता तुझं घाण्याला बसनं हुयाचं न्हाई. आपल्याला आतच बसायचं."

आपल्याला! दीर जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांना कळत नाही का, आत बसून बाहेरचं ऐकणं काय असतं? दुसरी कुणी बोलली असती तर सोडून दिलं असतं.

मला शुभांगीच्या हळदीला गायचंय. इथे लिहून ठेवते. कुणाला बोलून दाखवणार नाही.

२९ डिसेंबर, रविवार

ऐकायचा तिसरा रविवार. आज गाणी कमी, बोलणं जास्त. सरांनी विषय काढला — माइकसमोर कुणाचं काय होतं?

पंकजा म्हणाली, "मी दिवसाला पन्नास इंजेक्शनं देते. हात हलत नाही. माइक धरला की डावा पाय नाचायला लागतो." म्हणून ती चपला काढून उभी राहते, अंगठा जमिनीत रोवते. आता माझ्या लक्षात आलं, चढताना आवाज का थरथरतो. पाय थरथरतो तिचा!

छगन म्हणाला, "मला तहान लागते. पाणी प्यालं की लघवीला. आलो की परत तहान. मागच्या कार्यक्रमाला चार चकरा झाल्या, पाचव्याला नाव पुकारलं."

मग सर. एसटीच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदा गायले. पहिली ओळ झाली, दुसरी आठवेना. समोर चारशे लोक. तोंडून निघालं, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" आणि पहिल्या रांगेतले दोघं खरंच सरकले!

हसून हसून पोट दुखलं. पण मनात धास्तीच बसली. गाण्यात मुरलेल्या माणसांची ही गत, तर माझं काय?

एकाने विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाचं ऐकून शिकलात?"

मी म्हटलं, "जात्याचं."

कुणी हसलं नाही. छगन म्हणाला, "बरोबर आहे. ते पण एकच सूर धरून असतं."

असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं ओढलं, आणि ते सूर धरून होतं हे मला फरशीवाल्याने सांगितलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

फजिती.

सोपं म्हणून एक जुनं गाणं निवडलं. मी वाचायला शिकले ती माझा मुलगा आदिनाथ पहिलीत असताना, त्याच्या पुस्तकावरून, चुलीपुढे बसून. पोरगा बाराखडी म्हणायचा, मी भाकरी थापताना ओठ हलवायची. पुढे एसटीच्या पाट्या, मग पेपर, मग पुस्तकं. आता जाडं पुस्तकसुद्धा वाचते. पण माझ्या चालीने. एकेक शब्द नीट बघून.

ट्रॅकला कुठला धीर! मी पहिला शब्द वाचते तोवर ओळ पिवळी. दुसऱ्या ओळीला पोचते तोवर ती गेली. मी वाट बघत उभी, की मला सोडून गेलेलं गाणं थांबेल आणि मागे वळून बघेल. पोरांना हाक मारली की थांबतात तसं.

आणि खरं सांगायचं तर शब्द गाठले असते तरी काय? तोंड उघडलं होतं. आवाज नव्हता. नुसती हवा.

गाण्यातली ती मोकळी जागा आली आणि मोकळीच गेली.

पंकजाने पाण्याचा पेला दिला. म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचं होतं मावशी." खोटं बोलते. पण चांगलं बोलते.

६ जानेवारी, सोमवार

तिसगावात असताना आमच्या घरात जातं होतं. हे कारखान्यावरून आले की रेडिओ लावायचे. मी दळायला बसले, पहिली ओवी काढली की उठून रेडिओ बंद करायचे. एवढंच. कधी 'छान' म्हणाले नाहीत. मी कधी विचारलं नाही. रेडिओचा खटका ऐकू आला की मला कळायचं.

आज दिवसभर तो खटका आठवतोय.

१६ जानेवारी, गुरुवार

वाचनालयातून शरीराचं पुस्तक आणलं. चार दिवस कंठाचं एकच पान वाचतेय. आत दोन पडदे असतात. पापण्यांसारखे. लांबी बोटाच्या नखाएवढी! गाताना ते सेकंदाला दोनशे-चारशे वेळा एकमेकांवर आपटतात.

पंकजाला विचारलं, खरं का? म्हणाली खरं. तिने डॉक्टरांच्या यंत्रात बघितलेत. "पांढरे असतात मावशी. मोत्यासारखे. आपण नुसतं गायचं मनात आणलं, तरी जवळ येतात."

नखाएवढ्या दोन पडद्यांवर अंगाई, आरती, हळद, रडणं, सगळं! आणि आपण त्यात तंबाखूची मिश्री लावून थुंकतो. मी आजपासून बंद केली.

मनात आणलं तरी जवळ येतात. माझे येत असतील का?

२६ जानेवारी, रविवार

कसं लिहू?

एरवी रविवारी चार वाजता चक्की बंद असते. आज सकाळी लाइट नव्हती, गिऱ्हाईक तुंबलं होतं, म्हणून चालू होती. वर सगळे वैतागले. फरशी हादरत होती, माइकमध्ये घरघर येत होती. सर म्हणाले, "आज काही खरं नाही, चहा पिऊन सुटू."

मी भिंतीला टेकून बसले होते. पाय सतरंजीच्या बाहेर, फरशीवर. चक्कीची घरघर तळव्यांतून वर यायला लागली. पोटरीत आली, पोटात आली. मी काही ठरवलं नाही. कुणाशी तरी बोलत होते, आणि बोलता बोलता —

हळद लागली गं, उन्हाच्या अंगाला
पाटाखालची माती माझी, माहेरच्या रंगाला

माझ्याच जुळणीची. शुभांगी लहान असताना केलेली.

निघाला! आवाज निघाला! पूर्वीचा नव्हे. जाडा, मध्ये जळकट, बाजरीच्या भाकरीसारखा. पण माझा. एक झाली, दुसरी आली, पाचवी आली, मी थांबेना. चक्की पट्टा ओढत होती आणि मी तिच्यावर बसून चालले होते. खाली कुणीतरी चक्की बंद केली तेव्हा मी थांबले.

भिंतीवर पाल चुकचुकली.

छगन भिंतीकडे तोंड करून उभा होता. वळून म्हणाला, "सर, मावशीचा ट्रॅक टीव्हीवर नाही. खाली आहे."

पंकजा चपला काढून उभी होती. गात मी होते, आणि अंगठा तिने रोवला होता!

२७ जानेवारी, सोमवार

भांडी घासताना गायले. मोनिकाने नळ बारीक केला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तेवीस तारखेला आमच्या गाणाऱ्यांच्या संघाचा वर्षाचा कार्यक्रम आहे, केडगावातल्या मंगल कार्यालयात. सरांनी माझं नाव यादीत घातलं. मी म्हटलं, "काढा." सर म्हणाले, "एकदा तिकीट फाडलं की फाडलं."

अडचण ट्रॅकची. कार्यालयात चक्की कुठली? छगनने उपाय काढला. खाली गेला, चक्कीवाल्याला सांगून सात मिनिटं घरघर मोबाईलमध्ये भरून आणली. चक्कीवाला विचारतोय, "माझं पण नाव घेणार का पत्रिकेत?"

मी मोनिकाला म्हटलं, "लोक काय म्हणतील? विधवा बाई स्टेजवर हळदीच्या ओव्या म्हणते."

ती म्हणाली, "आई, स्टेजवर कुणाची हळद थोडीच आहे?"

तिला वाटलं धीर दिला. मला तेच लागलं. खरंच, तिथे कुणाची हळद नाही. जिची आहे तिथे मी आत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भात जात नाही. ज्येष्ठमध चघळून जीभ गोड पडली. छगनची तहान मला लागली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आधी जे झालं ते लिहिते, मग झोपते.

दोनशे लोक. माझा नंबर सातवा. पंकजाने मागच्या खोलीत माझ्या चपला स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवल्या. नंतर तिचं गाणं झालं. आज चढतानाही आवाज हलला नाही! सरळ, वरपर्यंत. खाली आली तर रडत होती. "मावशी, पाय नाचला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा." मी तिला धरलं. माझंच काही जिंकल्यासारखं झालं.

मग माझं नाव.

उजेड तोंडावर. समोर नुसता काळोख, त्यात खुर्च्या कुरकुरतात. सरांनी छगनचा मोबाईल स्पीकरला जोडला. घरघर सुरू झाली. पाय टेकले. पहिली ओवी बरी गेली. दुसरी सुरू केली, आणि चक्की बंद! घंटी वाजायला लागली. छगनला फोन आला होता. गडबडीत सरांनी तांबडं सोडून हिरवं दाबलं. अख्ख्या कार्यालयात दोन्ही स्पीकरमधून आवाज —

"छगन, आरं न्हाणीची फरशी कशी बसवली तू? पाणी समदं देवघरात चाललंय!"

दोनशे माणसं खो-खो. छगन धावत आला तो वायरीत अडकला. मला वाटलं, झालं. पाच जानेवारीसारखंच. हवा.

पण मलाच हसू आलं! माइकमध्ये हसले मी, मोठ्याने. आणि हसताना गळा सुटला. मागून सरांचा आवाज, "चला, जाऊ द्या!" गाडी सोडताना म्हणायचे तसं. मी निघाले. चक्की नाही, काही नाही. हसणं विरत गेलं, मग एकेक खुर्ची गप्प झाली. चौथ्या-पाचव्या ओवीला अंधारातून बायकांनी धरायला सुरुवात केली. कुठल्या कोण बायका! कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढे, त्या मागे. एवढा मोठा आवाज मी घाण्याला कधी ऐकला नाही. मी त्याच्या टोकाला उभी होते.

खाली उतरले तेव्हा एका म्हातारीने माझे हात स्वतःच्या डोळ्यांना लावले. आणि तिच्याच मागे कुणीतरी म्हणालं, "कपाळ मोकळं आन हळद गाती." दोन्ही ऐकलं. दोन्ही लिहिते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांच्या फोटोला काही सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मोनिकाने व्हिडिओ पाठवला होता. शुभांगीचा फोन आला. रडत होती, हसत होती. "काकू, माझ्या हळदीला तूच म्हणायचं. दुसरं कुणी नको. मी सगळ्यांना सांगणार हाय."

'हो' म्हणणार, तेवढ्यात मागून सुमनबाई, "आण फोन इकडं."

"रतन, तिथं म्हणलीस ते म्हणलीस. इथं न्हाई."

"शुभांगीची इच्छा आहे जाऊबाई."

"पोरगी काय बी म्हनंल. माझ्या दारात न्हाई."

ठेवला फोन.

माझ्या अंगाची लाही झाली. परक्या दोनशे बायकांनी माझ्यामागे धरलं आणि घरची एक धरत नाही! तीही विधवा! मी पाच तारखेला जाणार. आणि तोंडावर विचारणार. गप्प बसायचं वय गेलं माझं.

५ मार्च, बुधवार. तिसगाव

विचारलं.

दुपारी मागच्या पडवीत डाळ निवडत बसल्या होत्या. आसपास कुणी नव्हतं. मी समोर बसले. म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही स्वतः भोगलंय हे. मग तुम्हीच मला का अडवता?"

त्यांनी मान वर केली नाही. खडा काढला, बाजूला टाकला. "मला आत कुणी बसवलं हुतं, आठवतं का?"

"कुणी?"

"तू."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"वन्संच्या थोरलीची हळद. मालकांना जाऊन तीन वर्सं झालती. मी येऊन घाण्याला बसले. तवर म्या नुसतं मागं धरायची, ठाऊक हाय तुला. कामातनं सवड कधी हुती पुढं म्हनायला? त्या दिशी एक जुळवून आणली हुती. पयलीच. म्हणलं आज म्हणावी. तू मुसळ धरलं हुतं. सगळ्यांम्होरं म्हणलीस, जाऊबाई, तुमी आत बसा, चहाचं बघा."

मला नाही म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण त्या दिवसाचा चहा आठवला. फार गोड झाला होता. मी पहिला घोट घेऊन बायकांत हसले होते, म्हणाले होते, साखरेचं पोतं सांडलं वाटतं आत. चहा आठवतो, हसणं आठवतं. चहा घेऊन आलेली बाई आठवत नाही.

मी म्हटलं, "बाकीच्या बायकांनी खुणावलं असेल. म्हणून मी —"

"बाकीच्या तुझ्याकडं बघत हुत्या, रतन. पुढं म्हनणारी तू. तू 'बसा' म्हणली असतीस तर बसले असते मी. कुनाची टाप हुती?"

मी मूठभर डाळ पुढ्यात ओढली.

त्याच म्हणाल्या, "मी उठले. काय बोलले का? अकरा वर्सं बोलले का? मंग तुला उठवलं तर तू काय येगळी हाईस?"

"चुकलं माझं."

"हं."

रागाने नाही. डाळीत खडा सापडल्यासारखं. म्हणून जास्त लागलं.

मी विचारलं, "ती ओवी... आठवते का अजून?"

"आठवायला काय. रोज म्हनती की. समदी उठायच्या आत, गोठ्यात." पदर झटकत उठल्या. "म्हशी ऐकत्यात. त्या न्हाई कुनाला उठवत."

शुभांगी दोनदा येऊन विचारून गेली, "काकू, उद्या म्हणणार ना?" मी म्हटलं, "बघू." गायचं मनात आणलं, तरी आज पडदे जवळ येत नाहीत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

६ मार्च, गुरुवार

हळद झाली.

मी पुढे बसले नाही. सुमनबाईंचा हात धरून बाहेर आणलं. सोडवून घेत होत्या, सोडला नाही. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बसा जाऊबाई. आधी तुम्ही."

त्यांनी खाकरलंसुद्धा नाही. सुरू केलं.

असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही. शुभांगी तोंडावर हात धरून आईकडे बघत राहिली. तिलाही माहीत नव्हता. मला मागे धरायचं होतं. मला तो सूर गाठता आला नाही.

अकरा वर्षं हा आवाज मी गोठ्यात बांधून ठेवला होता.